कोपेश्वर अलीकडे, नंदी पलीकडे

शंकराच्या देवळात आधी नंदीला हात लावायचा, मग देवाकडे वळायचं, ही आपली सवय. खिद्रापूरच्या कोपेश्वरासमोर ती सवय अडखळते, कारण इथे नंदी नाही. तो कर्नाटकात आहे. गावातल्या कुणालाही विचारा, बोट दाखवून सांगतील, ‘येडूरला बसलाय’.

कोल्हापूरपासून साधारण 60 किलोमीटरवर, शिरोळ तालुक्याच्या अगदी टोकाला हे गाव आहे. नृसिंहवाडी, कुरुंदवाड, सैनिक टाकळी करत, उसाच्या फडांमधून रस्ता येतो आणि कृष्णेपाशी थांबतो. नदीच्या पलीकडच्या काठावर जुगूळ, म्हणजे बेळगाव जिल्हा.

इतिहास थोडक्यात सांगतो. 1054 साली कोप्पमच्या लढाईत चोळ राजा राजाधिराज हत्तीवरच मारला गेला आणि कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराशी चाललेल्या झुंजीला वेगळंच वळण लागलं. ते कोप्पम म्हणजे हेच खिद्रापूर, असं काही अभ्यासकांचं मत आहे. देऊळ आज दिसतं ते मुख्यतः बाराव्या शतकातल्या कोल्हापूरच्या शिलाहारांच्या काळातलं. पुढे शिलाहारांचं राज्य देवगिरीच्या यादवांनी घेतलं. देवस्थानाला गाव दान दिल्याचा राजा सिंघणाचा शके 1136 चा संस्कृत लेख दाराशेजारी आहे, देवनागरीत. बाकीचे बहुतेक लेख जुन्या कन्नडमध्ये. एकाच देवळाच्या दगडांवर दोन्ही लिप्या सुखाने नांदतात.

पाहायचा तो स्वर्गमंडप. 48 खांबांचा हा मंडप वरून उघडा आहे. छताच्या मधोमध सुमारे 13 फूट व्यासाचं गोल आभाळ आणि बरोबर त्याखाली तेवढ्याच आकाराची अखंड रंगशिळा. भोवती बारा खांबांचं कडं, त्यावर आपापल्या वाहनांवर बसलेले दिक्पाल. होमाचा धूर वर जावा म्हणून ही जागा मोकळी ठेवली, असं गावकरी सांगतात. कार्तिक पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र या गोलाच्या माथ्यावर येतो, तो पाहायला इथे गर्दी लोटते. त्यामागचं गणित सोपं आणि सुंदर आहे. खिद्रापूर साधारण 16.7 अंश उत्तर अक्षांशावर. कार्तिकात सूर्य जवळजवळ तेवढाच दक्षिणेला उतरलेला असतो आणि पौर्णिमेचा चंद्र त्याच्या बरोबर समोर, म्हणजे तेवढाच उत्तरेला. त्यामुळे तो थेट डोक्यावर येतो. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेशी पाचेक अंशांनी कललेली असल्याने एखाद्या वर्षी तो थोडा सरकलेला दिसतो, एवढंच.

पण मला धरून ठेवलं ते नंदीच्या गोष्टीने. दक्षाने यज्ञ मांडला, जावयाला बोलावणं धाडलं नाही. सती तरीही माहेरी निघाली, नंदीवर बसून. तिथे नवऱ्याचा अपमान तिला सोसवला नाही, तिने यज्ञकुंडात उडी घेतली. शंकर कोपला, दक्षाचा यज्ञ उधळला. तो राग काही केल्या निवेना, तेव्हा विष्णूने त्याला इथे आणून शांत केलं. म्हणून हा कोपेश्वर, आणि गाभाऱ्यात त्याच्या सोबतीला विष्णूचं रूप म्हणून धोपेश्वर, अशी दोन लिंगं. नंदी सतीला घेऊन गेला होता, तो तिकडेच राहिला. तो यज्ञ येडूरला झाला, असं या भागात मानतात. चिकोडी तालुक्यातलं येडूर वीरभद्रासाठी प्रसिद्ध आहे, तेही कृष्णाकाठीच.

देवळाबाहेर हार-नारळ घेऊन बसलेल्या आजींना मी विचारलं, ‘मग नंदीला इकडं का आणत नाहीत?’

‘आणायचा कशाला?’ त्या म्हणाल्या. ‘त्यो सतीला पोचवाय गेलाय. तिला सोडून कसा येईल, लेका? माजं म्हायार बी पल्याडच हाय. आई कानडी बोलायची, सासू मराठी. देवाला दोनी कळत्यात.’

आजींच्या लहानपणी नावेतून सोयरीक, बाजार, जत्रा सगळं ये-जा करायचं. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि देव एका राज्यात, त्याचा नंदी दुसऱ्या राज्यात अशी वाटणी झाली. सीमाप्रश्नावर आपण इतकं बोललो, पण या वाटणीबद्दल कुणी बोलल्याचं ऐकलं नाही. मला ती फार लागली.

दुसरी काळजी पाण्याची. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत शिरोळ तालुक्याचे हाल झाले, खिद्रापूरला पाण्याने वेढलं. कोरीव दगडांना आधीच घाव आहेत. बाहेरच्या भिंतींवरच्या कितीतरी मूर्तींचे चेहरे, पायथ्याच्या हत्तींच्या सोंडा फोडलेल्या आहेत. त्यात दर पुराचा गाळ आणि ओल. 1954 पासून हे संरक्षित स्मारक आहे, पण मूर्ती ओळखायला मदत करील असा धड फलक मला दिसला नाही. बाहेरून आलेली माणसं रंगशिळेवर उभं राहून फोटो काढतात आणि दहा मिनिटांत परततात. शेजारचं जुनं जैन मंदिर तर अनेकांच्या गावीही नसतं. या गावाची उपेक्षा म्हणतात ती ही.

जाणाऱ्यांनी पावसाळा टाळावा, दिवाळीनंतर निघावं आणि अर्धा दिवस तरी हाताशी ठेवावा. कुरुंदवाडच्या बासुंदीसाठी वेगळा वेळ काढावा. आणि कोपेश्वराचं दर्शन झालं की परतीची घाई न करता येडूरला जाऊन नंदीही पाहावा. दोन्ही सरकारांकडे मागणं एवढंच आहे: खिद्रापुरात येडूरच्या नंदीचा आणि येडूरला खिद्रापूरच्या देवाचा रस्ता दाखवणारा एकेक फलक लावा, मराठीत आणि कन्नडमध्ये.