कारागीर ठेवताना हात पाहा

गेवराईसारख्या तालुक्याच्या बाजारपेठेत मोटार रिवाइंडिंग, वेल्डिंग किंवा इंजिन दुरुस्तीच्या दुकानात माणूस ठेवताना मालक सहसा दोनच प्रश्न विचारतात : आयटीआय झाला का? आणि कोणत्या उस्तादाच्या हाताखाली होतास? प्रश्न रास्त आहेत. पण दाखल्यावरून शिक्षण कळते, उस्तादाच्या नावावरून ओळख कळते. हात कळत नाही. त्यामुळे दाखला नसलेला जुना कारागीर दारातूनच परत जातो, आणि भलताच माणूस ठेवला की ऐन पाणी देण्याच्या दिवसांत शेतकऱ्याची मोटार पुन्हा जळून येते. तार पदरची जाते, गिऱ्हाईकही जाते.

रिवाइंडिंगचेच पाहू. उमेदवारापुढे जळालेली तीन फेजची मोटार ठेवा आणि गप्प बसा. कच्चा माणूस लगेच छिन्नी उचलतो. जाणता आधी नेमप्लेट वाचतो, खाचा मोजतो, जोडणी कागदावर काढतो. कॉइल कापल्यावर वेढे मोजतो, तारेचा गेज मायक्रोमीटरने घेतो. मग विचारा, मोटार जळाली कशाने? स्टार जोडणीत दोन फेजच्या कॉइली काळ्या आणि तिसरीच्या धड असतील, तर चालू मोटारीची एक फेज गेली होती. डेल्टात अशा वेळी एकाच फेजच्या जळतात. सगळ्या सारख्याच काळ्या असतील तर जादा भार किंवा कमी व्होल्टेज. हे ओळखणारा कारागीर शेतकऱ्याला स्टार्टरही तपासायला सांगेल. पाण्याने भरलेल्या सबमर्सिबलच्या प्लास्टिक तारेला वार्निश लावू म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा!

वेल्डरची परीक्षा सोपी. दोन पट्ट्या उभ्या-आडव्या ठेवून एकाच बाजूने जोडायला सांगा आणि सांधा हातोड्याने मोडा. वरून सुबक दिसणाऱ्या सांध्याच्या पोटात मळी निघाली, किंवा मुळाशी लोखंड वितळलेलेच नसले, तर ट्रॉलीचे काम त्याला देऊ नका.

त्या दिवसाची मजुरी मात्र द्या. परीक्षेच्या नावाखाली फुकट काम काढून घेणाऱ्याकडे चांगला कारागीर पुन्हा फिरकत नाही, असे आम्हाला वाटते.

हात पसंत पडला आणि कागद नसला, तर तोही मिळू शकतो. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत, कामातून शिकलेल्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय ठेवली गेली. सध्या कोणत्या कामासाठी परीक्षा होते, हे बीडच्या जिल्हा कौशल्य विकास केंद्रात विचारावे. घर-दुकानाच्या वायरिंगला मात्र शासनाचा परवाना लागतो. तिथे नुसता हात चालत नाही.