दाराशी राखणदार

सुनेला सातवा महिना होता. दिवसभर भातलावणी करून ती घरी आली. कंबर धरून ओट्यावर बसली. सासू म्हणाली, "पोरी, दोन घोट दारू घे. अंग मोकळं होईल. आमच्या वेळी आम्ही नाही का घेतली?"

सासूच्या मनात माया आहे. पण सल्ला बरोबर आहे का? पाहू या.

पोटातले बाळ तोंडाने जेवत नाही. त्याला सगळे नाळेतून मिळते. नाळेचे एक टोक बाळाच्या बेंबीला, दुसरे वारेला. वार गर्भाशयाला आतून चिकटलेली असते. तिथे आईचे रक्त आणि बाळाचे रक्त जवळ येते, पण मिसळत नाही. अन्न आणि प्राणवायू तेवढे बाळाकडे जातात. वार म्हणजे बाळाच्या दाराशी बसलेला राखणदारच.

आता एक गंमत ऐका. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. भीती वाटली, घोर लागला की त्या रक्तात एक रस सोडतात. त्याचे नाव कॉर्टिसॉल. अशा रसांना हार्मोन म्हणतात. थोडा कॉर्टिसॉल बाळालाही लागतो. त्याने त्याची फुप्फुसे तयार होतात. जास्त झाला तर वाढ खुंटते. म्हणून आईचा बराचसा कॉर्टिसॉल वार मोडून टाकते. रोजच्या लहानसहान काळजीने बाळाचे बिघडत नाही. पण घरात महिनोन्‌महिने शिवीगाळ, मारहाण चालली, तर राखणदार तरी किती पुरा पडणार? मग बाळ दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो.

दारूला मात्र हा राखणदार अडवू शकत नाही. आई प्याली की थोड्याच वेळात दारू बाळाच्या रक्तात जाते. आईचे यकृत दारू मोडते. बाळाचे यकृत कोवळे असते, त्याला ते जमत नाही. शिवाय दारूने आईचा कॉर्टिसॉलही वाढतो. म्हणजे बाळाला दुहेरी मार.

१९६८ साली फ्रान्समधील नांत शहरातल्या डॉक्टरांनी दारूड्या आईबापांची १२७ मुले तपासून हे लिहिले. १९७३ साली अमेरिकेतल्या सिॲटल शहरातल्या डॉक्टरांना तेच दिसले. त्यांनी या दुखण्याला नाव दिले. अशा मुलांचे डोके लहान, वरचा ओठ पातळ, नाकाखालची खाच सपाट. शिकायला जड जाते. हे जन्मभर राहते. औषधाने जात नाही.

पण हे पूर्णपणे टाळता येते! पोट असताना थेंबभरही घेऊ नये. हातभट्टीची असो, ताडी असो की बाटलीतली बिअर. 'एवढी चालते' असे माप कोणालाही सापडलेले नाही. आधी घेतली असेल तर आज सोडावी. आज सोडली तरी बाळाचा फायदाच आहे. रोजची सवय असेल तर एकदम सोडू नये. लपवूही नये. नर्सबाईला, डॉक्टरांना सांगून सोडावी.

आणि हे एकट्या आईचे काम नाही. नवऱ्याने पिऊन धिंगाणा घातला, तर त्याचा धसका बाळापर्यंत पोचतो.

मग सासूने काय म्हणावे? "पोरी, कुशीवर नीज. कमरेला उशी घे. आणि बाळ्या, उद्यापासून पाणी तू भर."