वादळ ओसरते, रोगराई उरते

चक्रीवादळाची बातमी आली की पहिला प्रश्न असतो, किती माणसे गेली? डॉक्टर या नात्याने माझे लक्ष मात्र पुढच्या दोन-तीन महिन्यांकडे लागते. वादळातून वाचलेल्यांना त्यानंतर दूषित पाणी, डास आणि उपासमार यांना तोंड द्यावे लागते.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिक या देशाचे उदाहरण घेऊ. मार्च २०१९ मध्ये 'इडाई' चक्रीवादळाने तेथील बेइरा हे बंदराचे शहर उद्ध्वस्त केले. देशभरात सहाशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. पुराचे घाण पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले आणि २७ मार्चला पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ जाहीर झाली. सहा हजारांवर लोकांना लागण झाली. पण मृत्यू झाले फक्त ८. उपचार न मिळाल्यास पटकीने रुग्ण काही तासांतही दगावू शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

हे कसे साधले? उपचार केंद्रे लगेच उघडली गेली. शिवाय पटकीवरील तोंडावाटे द्यायच्या लसीचा जागतिक साठा २०१३ पासून तयार ठेवलेला आहे. त्याचे पैसे आधीच भरलेले असल्याने वर्गणीची वाट पाहावी लागली नाही. ३ एप्रिलला लसीकरण सुरू झाले आणि आठ लाखांहून अधिक लोकांना लस मिळाली.

जे पैसे नंतर गोळा करायचे होते, त्यांची गोष्ट निराळी. ऐन कापणीच्या तोंडावर सुमारे सात लाख हेक्टरवरील पिके गेली होती. साचलेल्या पाण्यामुळे हिवताप फैलावला. त्यातच एप्रिलअखेर देशाच्या उत्तर भागाला 'केनेथ' या दुसऱ्या वादळाने झोडपले. पुनर्बांधणीसाठी ३२० कोटी डॉलर लागतील असा अंदाज होता. बेइरा येथे भरलेल्या देणगीदारांच्या परिषदेत आश्वासने मिळाली ती सुमारे १२० कोटींची. तोवर वृत्तपत्रांचे मथळे बदलले होते. दवाखाने, नळयोजना व शाळा यांचा खर्च मात्र तेव्हाच सुरू होतो.

म्हणून वाचकांना माझे सांगणे असे:

मदत शक्यतो पैशाच्या रूपात, विश्वासाच्या संस्थेकडेच द्यावी. घरातील उरलीसुरली औषधे पाठवू नयेत. ती निवडण्यातच तेथील डॉक्टरांचा वेळ जातो.

द्यायच्या रकमेतील अर्धी लगेच द्यावी, अर्धी तीन महिन्यांनी.

पूर आपल्या गावातही येतो. त्या दिवसांत पाणी उकळूनच प्यावे. जुलाब सुरू झाल्यास जलसंजीवनीचे पाकीट वापरावे. ते नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. जुलाब तांदळाच्या पेजेसारखे पातळ होत असतील, तर हे पाणी पाजत पाजतच रुग्णाला दवाखान्यात न्यावे.

साथ आल्यावर झोळी फिरवण्यापेक्षा आधी राखून ठेवलेला पैसा अधिक जीव वाचवतो. हे देशाला जसे लागू आहे, तसेच ग्रामपंचायतीलाही.