रिंगणासकट तारपा

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर भात पिकायला लागलं की तारपा बाहेर निघतो. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा, रुंद होत गेलेला लांब कर्णा, एवढंच हे वाद्य. वाजवणारा गालात हवा धरून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. भोपळा वेलावर जसा वाढेल तसा घ्यावा लागतो, म्हणून प्रत्येक तारप्याची पट्टी निराळी. बनवणारा आणि वाजवणारा पुष्कळदा एकच असतो. शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा हे त्यातलं आज सर्वांत मोठं नाव. या वाद्याने त्यांना पद्मश्रीपर्यंत नेलं. अशा वाद्याचा अल्बम करायचा तर नेमकं काय ध्वनिमुद्रित करायचं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. माझं उत्तर असं, की भोपळा आणि कर्णा मिळून तारपा अर्धाच होतो. उरलेला अर्धा म्हणजे त्याच्याभोवतीचं रिंगण.

याचा पुरावा नाचातच आहे. वादक मध्ये असतो, बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतात आणि पुढचा गडी घुंगुरकाठी जमिनीवर आपटत चाल सांभाळतो. ठेका काठीचा आणि पायांचा. वादकाने चाळा, म्हणजे वाजवायची धून, बदलला की पावलं बदलतात. पावलं जड झाली, किंवा उलट अंगात आली, तर वादकालाही त्यांचं ऐकावं लागतं. वाजवताना तो रिंगणाबरोबर वळतो, म्हणून नाचणाऱ्याला कर्ण्याचा आवाज कधी अंगावर आलेला, कधी पाठमोरा ऐकू येतो. डहाणूतल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्या वारली चित्रांतला तारपा आठवा. माणसांची साखळी वळत वळत आत येते आणि वादक तिच्या पोटात उभा. त्याच्यासाठी वेगळा मंच त्या चित्रांत नाही. स्टुडिओच्या बंद खोलीत एकट्या वादकाला उभं केलं, की वाजवताना ज्याचं ऐकायचं तेच समोर उरत नाही.

यावर एक भक्कम आक्षेप आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी ख्याल तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसवला आणि त्या तबकड्या आजही ऐकल्या जातात. मग तारप्याला ही सवलत कशासाठी? कारण ख्यालाचा श्रोता समोर बसून ऐकतो. त्याची दाद तबकडीत हरवली तरी गायक, तंबोरा, तबला शाबूत राहतात. तारप्याचा ठेकाच श्रोत्यांच्या पायांत आहे. अमेरिकेतल्या ब्लूग्रासवाल्यांची गोष्ट इथे उपयोगी पडते. ओल्ड अँड इन द वे या मंडळींनी, ज्यात रॉक संगीतातला जेरी गार्सिया बँजो वाजवत होता, १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सभागृहात आठ मायक्रोफोन लावून भर मैफलीत मुद्रण केलं. १९७५ मध्ये निघालेला तो अल्बम अजून मानाने ऐकला जातो. गार्सियाच्याच ग्रेटफुल डेड या बँडने १९८४ मध्ये टेप करणाऱ्या श्रोत्यांसाठी मैफलीत वेगळी जागा राखली, कारण लांबत जाणारं, क्षणात वळणारं वादन त्या लोकांना सबंधच हवं होतं. तासभराचा तारपा बाहेरच्या कानांना कंटाळवाणा होईल, या भीतीला तिथेच उत्तर मिळतं.

दुसरा आक्षेप इथलाच आहे, आणि तो मला जास्त बोचतो. लग्नांत तारप्याच्या चाली आता कीबोर्डवर वाजतात, पोरं त्यावर रात्रभर नाचतात; मग काय हरवलं? नाच टिकला हे खरंच मोठं आहे, आणि त्या वादकांना नावं ठेवणं अन्याय होईल. पण कीबोर्डची पट्टी कारखान्यात ठरलेली असते. तिच्यात भोपळ्याभोपळ्याचा फरक बुजतो, आणि वादक स्पीकरच्या भिंतीमागे गेल्याने पावलांचा जबाब त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. जुने वादक आहेत तोवर मिळेल तसं टिपून ठेवा, असंही म्हटलं जातं. जरूर टिपावं. एकट्या वादकाची बोटं आणि श्वास जवळून टिपलेलं मुद्रण शिकणाऱ्याला अनमोल आहे. फक्त तो पाठ झाला, अल्बम नव्हे.

अल्बम व्हायचा तर हंगामात, पाड्यावरच्या मोकळ्या जागेत व्हावा. एक मायक्रोफोन वादकाच्या अंगावर, एक घुंगुरकाठीजवळ, दोन रिंगणाच्या बाहेर, आणि चाळा आपणहून संपेपर्यंत कुणी हात वर करू नये. नंतरची साफसफाई स्टुडिओत खुशाल करावी, पायांची धूळ तेवढी पुसू नये. आणि रिंगण हे वाद्याचाच भाग मानलं, तर हिशेबही त्याच न्यायाने व्हायला हवा. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधी कितीतरी वर्षं ती रिंगणं साड्यांवर आणि कपांवर चितारणाऱ्याच्या नावाशिवाय छापली गेली. अल्बमच्या वेष्टनावर तारपावाल्याच्या नावाखाली काठीवाल्याचं आणि नाचणाऱ्या प्रत्येकाचं नाव यावं, आणि मानधनाच्या यादीतही तीच नावं असावीत.