मराठी संख्यानामे आणि स्थानिक किंमत : प्राथमिक वर्गातील साहित्य व उपक्रमांचा विचार

प्रास्ताविक

प्राथमिक गणिताच्या शैक्षणिक साहित्याविषयी लिहिताना साहित्याची यादी देण्याचा प्रघात आहे. मणी, काड्या, खेळातल्या नोटा, तक्ते ही यादी बहुतेक शिक्षकांना आता पाठ आहे. कोणते साहित्य मुलाच्या कोणत्या अडचणीवर उपयोगी पडते, हा प्रश्न मात्र तीत क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात मराठी माध्यमाच्या इयत्ता पहिली-दुसरीतील एकाच अडचणीपुरता हा विचार केला आहे. ती अडचण म्हणजे दोन अंकी संख्येचे नाव आणि तिचे लेखन यांतील विसंगती.

संख्यानामांतील अडचण

'त्रेसष्ट' उच्चारताना आधी तीन येतात व नंतर साठ. लिहिताना आधी सहा व नंतर तीन. ऐकू येईल तसे लिहिणारे मूल त्यामुळे ३६ लिहिते. शिवाय एकाच अंकाचे नाव ठिकठिकाणी बदलते. 'सहा' हा सव्वीस, छत्तीस, शेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर अशा वेगवेगळ्या रूपांनी भेटतो. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतच्या आठ नावांची रीत तर आणखी निराळी. 'एकोण' म्हणजे एक उणे. एकोणसाठमध्ये साठ ऐकू येतात आणि लिहायचे असतात पाच दशक. नव्व्याण्णव हा पुन्हा या रीतीला अपवाद. अशा स्थितीत चुकणाऱ्या मुलास 'गणितात कच्चा' ठरवले जाते. वस्तुतः ते भाषेने सांगितले तेच करीत असते.

ही अडचण ध्यानी घेऊन २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'वीस एक', 'सत्तर दोन' अशी वाचनपद्धती देण्यात आली. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी तिचे समर्थन केले आणि महाराष्ट्रात मोठा वाद झाला. हा प्रश्न केवळ मराठीचा नाही. जर्मन भाषेतही एकक आधी उच्चारतात. नॉर्वेत १९५१ मध्ये दशक आधी उच्चारण्याची रीत अधिकृतपणे आली, तरी जुनी रीत बोलण्यातून समूळ गेली नाही. मराठी मुलालाही बाजारात व घरात 'एकवीस'च ऐकू येणार. म्हणून 'वीस एक' हा पूल म्हणून उपयुक्त मानावा. पलीकडे नेण्याचे काम वर्गातील कृतींनाच करावे लागते.

काड्यांचे गठ्ठे

खराट्याचे हीर आणि रबर एवढे साहित्य येथे पुरते. दहा सुट्या काड्यांचा गठ्ठा मुलानेच बांधला पाहिजे. शिक्षकाने आयता बांधून दिलेला गठ्ठा मुलाच्या दृष्टीने एक जाड काडी असते. शंका आली की मूल गठ्ठा सोडून पुन्हा मोजते. त्यात वेळ जातो म्हणून त्यास अडवू नये, कारण दहा सुटे म्हणजेच एक दशक हा संबोध तेथेच घडत असतो. द्विशिक्षकी शाळेत पहिलीची मुले गठ्ठे बांधतील व दुसरीची तेच वापरतील, अशी योजना सहज करता येते.

फरशीवर खडूने दोन घरे आखावीत : डावीकडे दशक, उजवीकडे सुटे. शिक्षकाने 'त्रेसष्ट' म्हणताच मुलाने ऐकलेल्या क्रमाने आधी तीन सुट्या काड्या उजव्या घरात व नंतर सहा गठ्ठे डाव्या घरात ठेवावेत. ऐकण्याचा क्रम कायम राहतो, जागा मात्र चुकत नाही. मग घरे डावीकडून वाचून संख्या लिहावी.

'एकोण'साठी याच काड्यांचा उपयोग सर्वांत चांगला होतो. 'एकोणसाठ' ऐकल्यावर मुलाने साठ, म्हणजे सहा गठ्ठे आणावेत. आता एक उणे करायचा, पण सुटी काडी एकही नाही. एक गठ्ठा सोडावाच लागतो. एक काडी बाजूला केली की पाच गठ्ठे व नऊ सुट्या उरतात. शब्दात जी क्रिया दडलेली आहे ती हाताने घडते. शिवाय पुढे येणाऱ्या हातच्याच्या वजाबाकीची तयारी होते. शंभर मण्यांच्या, दर दहा मण्यांनी रंग बदलणाऱ्या माळेवर साठाव्या मण्यानंतर चिमटा लावून एक मणी मागे येणे, हे त्याचेच दुसरे रूप.

पत्ते आणि नोटा

काही मुले साठ आणि तीन शेजारी मांडून ६०३ लिहितात. त्यांना काड्यांपेक्षा पत्ते उपयोगी. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर १० ते ९० या दशकांचे रुंद पत्ते व १ ते ९ चे अर्ध्या रुंदीचे पत्ते करावेत. ६० च्या शून्यावर ३ चा पत्ता ठेवला की ६३ दिसते. पत्ता उचलला की झाकलेले शून्य पुन्हा दिसते.

खेळातल्या नोटा लवकर आणण्याचा मोह होतो, तो आवरावा. दहाच्या नोटेत दहा एक दिसत नाहीत; तेथे केवळ बदल्याचा करार असतो. गठ्ठा बांधून-सोडून झाल्यावरच त्या कराराला अर्थ येतो.

साहित्य कपाटात का राहते

विकत आणलेले साहित्य जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढते आणि हरवण्याच्या भीतीने पुष्कळदा कपाटातच राहते. हिरांची व चिंचोक्यांची अशी काळजी नसते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेल्या बालवाडीच्या कार्यात परिसरातील वस्तूंचाच साहित्य म्हणून उपयोग केला, तो केवळ काटकसरीसाठी नव्हता. त्या वस्तू मुलांच्या ओळखीच्या होत्या.

चुकांचे वाचन

आठवड्यातून एकदा पाच संख्यांचे श्रुतलेखन घ्यावे आणि उत्तरांवर फुली न मारता चुका वेगळ्या टिपाव्यात. त्रेसष्टसाठी ३६ लिहिणाऱ्यास खडूच्या घरांचा, ६०३ लिहिणाऱ्यास पत्त्यांचा आणि एकोणसाठसाठी ६९ लिहिणाऱ्यास गठ्ठा सोडण्याचा उपक्रम दुसऱ्या दिवशी द्यावा. तिन्ही चुका करणाऱ्या मुलाची सुरुवात खडूच्या घरांपासून करावी.