दोष वाटेचा की वाटसरूचा?

उंदराचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याचा लहान मेंदू अर्धामुर्धाच तयार असतो. शरीराचा तोल सांभाळणे, हालचालींत मेळ राखणे ही या भागाची मुख्य कामे. माणसाच्या मेंदूतील सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी जवळजवळ ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत असतात आणि त्यांतील बहुतेक ‘कणपेशी’ असतात.

गंमत अशी, की या पेशी जिथे काम करतात तिथे जन्मत नाहीत. त्या लहान मेंदूच्या पृष्ठभागावरील थरात तयार होतात व तेथून आत उतरतात. खुलताबादजवळच्या वेरूळचे कैलास लेणे कळसाकडून पायाकडे कोरत नेले, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. कणपेशींचा प्रवासही तसाच वरून खाली. वाटेत ‘बर्गमन ग्लिया’ या आधारपेशींचे उभे तंतू असतात. विहिरीत सोडलेल्या दोराला धरून उतरावे, तशी कणपेशी या तंतूला बिलगून खाली सरकते, मोठ्या पर्किन्ये पेशींची रांग ओलांडते आणि त्यांच्याखाली स्थिरावते. उंदरात हे काम जन्मानंतर सुमारे तीन आठवड्यांत उरकते.

पेशी वाटेतच अडली तर? ‘वीव्हर’ नावाच्या उत्परिवर्तित उंदरात हेच घडते. त्याच्या बहुतेक कणपेशी खाली न उतरता वरच मरतात आणि उंदीर झोकांड्या खात चालतो. १९७३ साली राकिच व सिडमन यांना या उंदरात बर्गमन तंतूही बिघडलेले दिसले. मग दोष कोणाचा, वाटेचा की वाटसरूचा?

नुसते पाहून हे ठरत नाही. अदलाबदल करावी लागते. १९८६ साली मेरी हॅटन व सहकाऱ्यांनी पेशी काचपात्रात वाढवून ती केली. निरोगी कणपेशी वीव्हरच्या तंतूंवरूनही सरकल्या. वीव्हरच्या कणपेशी मात्र निरोगी तंतूंवरही अडून राहिल्या. म्हणजे दोष वाटसरूचा! पुढे १९९५ साली त्याचे जनुक सापडले. पेशीच्या आवरणात पोटॅशियमसाठी जे द्वार असते, त्याच्या प्रथिनातील एकच अमिनो आम्ल बदललेले होते. त्यामुळे द्वाराची निवड बिघडते व सोडियमही आत शिरते.

‘रीलर’ हा उंदीरही अडखळत चालतो. फाल्कनर यांनी १९५१ साली त्याचे वर्णन केले. येथे मात्र कारण वेगळे आहे. पर्किन्ये पेशी खोल भागात जन्मून वर यायला हव्यात. रीलरमध्ये बहुतेक खालीच गोळा होऊन राहतात. त्यांना जागा दाखवणारे ‘रीलिन’ हे प्रथिन इतर पेशी बाहेर सोडतात आणि रीलरमध्ये तेच नसते. वाटसरू धड आहे, पण खूण मिळत नाही.

रीलिनचे काम लहान मेंदूपुरते नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा तोळे व सहकाऱ्यांनी २००७ साली उंदराच्या भ्रूणात पेशींचा एक नवा प्रवाह शोधला. मोठ्या मेंदूच्या मागील टोकाकडून निघून तो भावनांशी निगडित असलेल्या ‘अमिग्डाला’ या भागात पोहोचतो. या प्रवासालाही रीलिन लागते, असे त्यांना आढळले.

हा केवळ उंदरांचा प्रश्न नव्हे. रीलिनच्या जनुकातील बिघाड माणसातही होतो, हे २००० साली दिसून आले. अशा मुलांच्या मेंदूला नेहमीच्या वळ्या पडत नाहीत, लहान मेंदू खुरटा राहतो व वाढ गंभीरपणे खुंटते. बाहेरून लक्षण सारखे दिसले, तरी कारण नेमके कोठे आहे हे कळल्याशिवाय उपायाचा विचारही सुरू होत नाही.

हॅटन यांची युक्ती वर्गातही वापरता येईल. रोपे खुरटली, तर दोष बियाण्याचा की मातीचा? चार कुंड्या घ्या: चांगले बी चांगल्या मातीत, चांगले बी शंकास्पद मातीत, शंकास्पद बी चांगल्या मातीत आणि शंकास्पद बी शंकास्पद मातीत. पाणी व ऊन सारखेच द्या. उत्तर काय येईल, ते आधी मुलांना वहीत लिहायला सांगा आणि मगच कुंड्या पाहा.