पॉवर स्टेअरिंगची तेलगळती : घरी काय जमते आणि काय जमत नाही



ऊस विकास अधिकाऱ्याने बेण्यावर लिहावे, हुमणीवर लिहावे, खोडव्याच्या खतमात्रेवर लिहावे. ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगवर लिहायला हा काय मेस्त्री लागून गेला, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. माझी पदविका शेतकीची. पण हंगामात माझा निम्मा दिवस बांधावर आणि निम्मा रस्त्यावर जातो. बंद पडलेल्या ट्रॅक्टरपाशी उभे राहून आणि मेस्त्री मंडळींना विचारून जे कळले, ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

गेल्या हंगामातली गोष्ट. माण भागातून दोन ट्रॉल्या ऊस भरून कासारसाईकडे निघालेला आपल्या एका सभासदाचा ट्रॅक्टर नेऱ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभा दिसला. पुढचे एक चाक चारीत. ड्रायव्हर पोरगा घामाघूम. "साहेब, स्टेअरिंग गरागरा फिरतंय, पण चाकं वळत न्हाईत." हिंजवडीची गर्दी मागे पडली होती म्हणून निभावले. कंपन्या सुटायच्या वेळी त्या गर्दीत हे झाले असते, तर काय झाले असते याचा विचार आपणच करावा. चौकशी केली तेव्हा कळले, पंधरा दिवसांपासून तेल गळत होते. रोज सकाळी टाकीत तेल ओतायचे आणि निघायचे. "तात्या म्हनले, हंगाम उरकू दे, मग बघू." त्या दिवशी तेलाचा डबा घरी राहिला.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पॉवर स्टेअरिंग काही नवी चीज नाही. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनियरने १९२६ साली ते मोटारीवर चालवून दाखविले आणि १९५१ पासून क्रायस्लर कंपनीने ते विक्रीच्या मोटारीत बसविले. मोटारीत तेल गेले तरी स्टेअरिंगचा दांडा चाकापर्यंत जोडलेलाच असतो. स्टेअरिंग जड होते, दंड दुखतात, पण गाडी वळते. आजच्या पुष्कळ ट्रॅक्टरांत मात्र असा दांडा नसतोच. इंजिनावरचा पंप तेल दाबतो, स्टेअरिंगखालचे युनिट ते डावीकडे की उजवीकडे पाठवायचे ते ठरविते आणि पुढच्या आसावरचा सिलिंडर चाके ढकलतो. मध्ये जोडणी आहे ती फक्त तेलाची. इंजिन बंद पडले तरी युनिट हातपंपासारखे काम करते आणि जोर लावून चाके वळविता येतात. पण पाईपांत तेलच उरले नाही, तर हातातले स्टेअरिंग म्हणजे नुसते खेळणे. "गळतंय, पण चालतंय" हे म्हणूनच मला पटत नाही. सेकंदाला एक थेंब पडला तर तासाला दीडशे-दोनशे मिलिलिटर तेल जाते. आणि ही टाकी काही डिझेलच्या टाकीएवढी मोठी नसते.

आता गळती शोधण्याविषयी. आपले लोक काय करतात, इंजिन चालू ठेवून पाईपावरून हात फिरवितात, कोठे ओले लागते ते पाहतात. हे कदापि करू नये. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात साधारण किलो-सव्वा किलो दाबाची हवा असते. स्टेअरिंगच्या दाबाच्या पाईपात तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरला शंभर किलोच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही जास्त जातो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेली धार डोळ्याला दिसत नाही, पण कातडी भेदून आत जाते. डॉक्टरांच्या सुईसारखीच म्हणा ना. वर फक्त बारीक ठिपका दिसतो, दुखतही फारसे नाही. गडी हळद लावून कामाला लागतो. काही तासांनी बोट सुजते, आतले मांस मरू लागते आणि मग बोट, कधी हातसुद्धा, काढावा लागतो. असे कोणास झाले तर दुखण्याची वाट न पाहता त्याच तासाला पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात न्यावे आणि "दाबाचे तेल कातडीच्या आत गेले आहे" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. नुसते "खरचटले" म्हटले तर मलमपट्टी होऊन वेळ जाईल.

मग शोधायचे कसे? ट्रॅक्टर सपाट जागी लावून इंजिन बंद करावे, हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत. सगळे पाईप, सांधे आणि सिलिंडर फडक्याने कोरडे पुसावेत. त्यांवर अंगाला लावायची पावडर भुरभुरावी. घरातल्यांचे बोलणे खावे लागेल, पण उपाय नामी आहे. खाली पुठ्ठा पसरावा. मग एकाने इंजिन हळू चालवून स्टेअरिंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवावे, दुसऱ्याने लांबूनच पाहावे. टोकाला नेऊन धरून ठेवू नये, पंप तापतो. पावडरीवर जेथे ओली रेघ उमटेल तेथे इंजिन बंद करून पाहावे. तेल खाली ओघळते, तेव्हा सर्वांत वरची ओली जागा तीच खरी. बारीक धारेचा संशय असेल तर लांब काठीला पुठ्ठा बांधून पाईपाजवळून फिरवावा; तेलाचा डाग पुठ्ठ्यावर पडू दे, हातावर नको.

घरी जमण्यासारखी कामे मुख्यतः दोन. परतीचा पाईप, म्हणजे टाकीकडे येणारा, कमी दाबाचा असतो. त्याची क्लिप ढिली झाली असेल तर आवळावी, गंजली असेल तर नवी घालावी. पाईपाचे टोक चिरले असेल आणि लांबी पुरत असेल, तर अर्धा इंच कापून पुन्हा बसवावे. दुसरे काम तांब्याच्या वायसरचे. पाईप जेथे पोकळ बोल्टने बसतो तेथे दोन बाजूंना दोन वायसर असतात. ते चेपले की तेल झिरपते. दोन्ही नवे घालावेत. अडचणीत जुना वायसर चुलीवर लाल करून पाण्यात टाकला तर तांबे मऊ होते आणि एखादी खेप निभते. सांधा खोलण्याआधी इंजिन बंद करून तेल निवू द्यावे आणि स्टेअरिंग दोन्हीकडे थोडे हलवून दाब सोडावा. बोल्ट आवळताना पान्याला पाईप लावून जोर करू नये. आटे गेले तर चार पैशांचे काम हजारावर जाते.

दाबाच्या पाईपावर सायकलची ट्यूब गुंडाळणे, एम-सील लावणे, तार आवळणे, हे सर्व फुकट. तो पाईप काढून भोसरीसारख्या ठिकाणी हायड्रॉलिक पाईप बनविणाऱ्याकडे न्यावा. जुन्याच्या मापाने, त्याच दाबाचा नवा प्रेस करून मिळतो. सिलिंडरचा चकचकीत दांडा ओला दिसत असेल तर आतले सील गेले. चिखल-दगडाने दांड्यावर ओरखडा पडला असेल तर नवे सीलही टिकत नाही, आधी दांडा पाहावा. स्टेअरिंगच्या खांबाखाली पायाशी तेल येत असेल तर युनिट स्वतः खोलू नये. आणि एक फसवी गळती असते. टाकीतले तेल कमी होते, पण जमिनीवर थेंब नाही. अशा वेळी इंजिनाचे तेल मोजावे. ते वाढले असेल तर पंपाचे सील फाटून तेल इंजिनात उतरते आहे. ट्रॅक्टर तसाच उभा ठेवून मेस्त्रीला बोलवावे.

तेल कोणते घालावे, हे मला विचारू नये, पुस्तकात पाहावे. काही ट्रॅक्टरांत स्टेअरिंगची टाकी वेगळी असते, काहींत गिअरपेटीचेच तेल स्टेअरिंगला जाते. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नये, त्याने आतले रबरी सील फुगून खराब होतात. काम झाल्यावर पुढचा आस जॅकने उचलून खाली ठोकळे द्यावेत, तेल भरावे, इंजिन हळू चालवून स्टेअरिंग सावकाश आठ-दहा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावे. टाकीतला फेस गेला म्हणजे हवा निघाली. मग पातळी पुन्हा पाहावी. सांडलेले तेल पाटात किंवा विहिरीकडेला ओतू नये.

नेऱ्याच्या त्या ट्रॅक्टरचे निघाले काय? सिलिंडरवरचे दोन वायसर. पण ते मिळून बसेपर्यंत रात्र गेली, ट्रॉल्या दुसऱ्या दिवशी दुपारी काट्यावर आल्या. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा असे मी बांधोबांध सांगत फिरतो. तो ऊस आदल्या दिवशी पहाटे तोडलेला होता. वाळून वजन घटले ते तात्यांचेच. आता त्यांच्या ट्रॅक्टरच्या पेटीत वायसरची पुडी असते. परवा त्यांनी उघडून मला दाखविली.